हामामात्सुत पहिली गाडी घेताय? आधी हे वाचा

तोक्योत नोकरी असेल तर गाडीच्या फंदात पडू नका. जपानमधल्याच हामामात्सु शहरात मात्र कारखाना एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला, गाडी लागतेच.

आपली मंडळी आल्या आल्या सात सीटर शोधू लागतात. आई-बाबा येतील, सगळे मिळून फिरू, हा हिशेब. आई-बाबा येतील तेव्हा मोठी गाडी भाड्याने घ्या. रोजच्या कामाला पिवळ्या नंबरप्लेटची केई, म्हणजे जपानी छोट्या वर्गातली गाडी घ्या. युद्धानंतर, 1949 साली सरकारने हा वर्ग आखला. आज त्याची मर्यादा 660 सीसी, लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.48 मीटर. कर कमी, टोल कमी, आणि जुन्या वस्तीतल्या गल्ल्यांत हीच गाडी सुखाने वळते. 1979 ची पहिली अल्टो सुझुकीने 4 लाख 70 हजार येनला काढली. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष ओसामु सुझुकींनी ती मालवाहू वर्गात बसवली, म्हणून प्रवासी गाडीवरचा वस्तुकर टळला. आपली मारुती 800 याच घराण्यातली.

एकटे किंवा दोघेच असाल तर सुझुकी ट्विन बघून ठेवा. 2003 ते 2005 एवढीच निघाली. दोन दारं, दोन सीट, लांबी 2,735 मिलिमीटर. वळायला 3.6 मीटरची त्रिज्या पुरते, त्यामुळे अरुंद पार्किंगमध्ये मागे-पुढे करत बसावं लागत नाही. जपानमधली पहिली हायब्रिड केई हीच, पण हायब्रिडच्या नादी लागू नका. आता इतक्या जुन्या बॅटऱ्यांचं ओझं कोण घेणार? पेट्रोलची घ्या. तीन सिलिंडरचं तिचं इंजिन सुझुकीच्या कितीतरी गाड्यांत होतं, त्यामुळे गॅरेजवाल्याच्या हाताखालचं आहे. मागे उघडते ती फक्त काच, तेव्हा तांदळाची गोणी काठावरून उचलून आत टाकावी लागते. आणि सगळ्यात स्वस्त मॉडेलला एसी नव्हता. ऑगस्ट 2020 मध्ये याच शहरात 41.1 अंश तापमान नोंदलं गेलं. बिनएसीची गाडी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: शाकेन किती उरलंय ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ही दर दोन वर्षांनी होणारी सक्तीची तपासणी. "पन्नास हजार येनला गाडी मिळाली" म्हणून खूश झालेले किती जण मी पाहिले. दोन महिन्यांत शाकेन संपतं, तपासणीत खालचा गंज निघतो, टायर बाद होतात आणि गाडीच्या किमतीपेक्षा मोठं बिल हातात पडतं. काचेवर स्टिकर असतो. बाहेरून त्यावर फक्त वर्ष-महिना दिसतो. आत बसून मागची बाजू वाचा, तिथे पूर्ण तारीख असते. विकणारा आपलाच गाववाला असला तरी वाचा. भिडेपोटी गप्प बसणं हा आपल्या लोकांचा परदेशातला सर्वांत महागडा स्वभाव आहे. शाकेन संपलेली गाडी रस्त्यावर काढली तर लायसन्सवर 6 दंडगुण बसतात आणि लायसन्स निलंबित होतं. नोकरीला गाडीने जाणाऱ्याला हे परवडणारं नाही.

शाकेनबरोबर येणारा सक्तीचा विमा माणसाच्या इजेपुरताच असतो. समोरच्याची गाडी, भिंत, दुकानाचं शटर त्यात येत नाही. वेगळा ऐच्छिक विमा घेतल्याशिवाय किल्ली फिरवू नका.

भारतीय लायसन्स बदलून जपानी घेण्याची तयारी लगेच सुरू करा. आंतरराष्ट्रीय परवाना जास्तीत जास्त वर्षभर चालतो. परीक्षेत "तोमारे"च्या (थांबा) पाटीपाशी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, हळू करून चालत नाही. रेल्वे फाटकालाही तेच, फाटक उघडं असलं तरी.

कराचं एक लक्षात ठेवा. 13 वर्षांवरच्या केईला वर्षाला 12,900 येन कर, नव्या गाडीला 10,800. ट्विन घेणाऱ्याने 12,900 धरूनच चालायचं. 1 एप्रिलला गाडी ज्याच्या नावावर, वर्षाचा पूर्ण कर त्याच्याच माथी. मे महिन्यात विकलीत तरी केईचा पैसा परत मिळत नाही. म्हणून देशात परतणार असाल तर नाव बदलणं किंवा गाडी मोडीत काढणं मार्चमध्येच उरका, आणि कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मगच विमानात बसा.