आईच्या हाडांसाठी फोर्टिफाइड दूध: पिशवी वाचण्यापासून गोळ्यांच्या वेळेपर्यंत

पिशवीवर ‘+एफ’ असं चिन्ह दिसलं की दुधात जादा कॅल्शियम घातलंय, असं बरेच जण धरून चालतात. प्रत्यक्षात घातलेली असतात ती अ आणि ड जीवनसत्त्वं. कॅल्शियम दुधात मुळातच असतं; ते शरीरात नीट शोषलं जायला ड जीवनसत्त्व लागतं. साठीच्या पुढच्या आईचा किंवा सासूबाईंचा आहार ठरवताना आधी हे पक्कं करा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

१. पिशवी उलटून वाचा

एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, २०१८च्या नियमांनुसार अशा एक लिटर दुधात ड जीवनसत्त्व ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २०० ते ३०० युनिट असतं. पाव लिटर प्यायलं तर पदरात पडतात ५० ते ७५ युनिट. साठीनंतरची रोजची शिफारस आहे ८०० युनिटची. नसल्यापेक्षा बरं, पण यावर भागत नाही. सुट्या दुधात तर तेवढंही नसतं.

कोलेस्टेरॉलच्या धास्तीनं दूध सोडलं असेल तर डबल टोन्ड आणा. कॅल्शियम स्निग्धांशात नसतं, त्यामुळे ते कमी होत नाही. ड जीवनसत्त्व मात्र स्निग्धांशात विरघळतं. तुपासाठी रोज साय काढता, तेव्हा त्याचा काही भाग सायीबरोबर जातो.

२. पोटात किती जातं ते मोजा

‘मी दूध घेते की’ या उत्तरावर विसंबू नका. बहुतेक घरांत दूध आधी मुलांना, मग विरजणाला, आणि आजीच्या वाट्याला चहापुरतं. मापाच्या भांड्यानं दोन दिवस बघा. दोन कप चहातून जेमतेम १०० मिली जातं, म्हणजे साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम. लागतं १२००.

३. ताटातच भर घाला

मोठा पेला भरून दूध पुढे केलं की नको म्हटलं जातं, आणि ते साहजिक आहे. त्यापेक्षा दूध विभागून द्या. शरीर एका वेळी साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅल्शियम नीट शोषतं, म्हणून तेच फायद्याचंही आहे. सकाळी कपभर दूध, दुपारी वाटीभर घट्ट दही, संध्याकाळी नाचणीची भाकरी किंवा आंबील, वर तिळाची चटणी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

सर्वांत सोयीची युक्ती म्हणजे स्किम्ड मिल्क पावडर. दोन मोठे चमचे, सुमारे १५ ग्रॅम, दुधात, खिरीत किंवा कढीत मिसळा. पावणेदोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम आणि पाच ग्रॅम प्रथिनं वाढतात, चव फारशी बदलत नाही. ‘खास महिलांच्या हाडांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांवर मात्र साखरेचा आकडा आधी पाहा. दुधानं पोट फुगत असेल तर दही-ताक किंवा लॅक्टोजमुक्त दूध.

असं वाढवून खरंच फरक पडतो का? ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धनिवासांत सात हजारांवर रहिवाशांचा अभ्यास झाला, २०२१ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या निवासांत दूध, दही, चीज वाढवलं. तिथे फ्रॅक्चर ३३ टक्क्यांनी आणि खुब्याची फ्रॅक्चर ४६ टक्क्यांनी कमी झाली. पण या मंडळींच्या शरीरात ड जीवनसत्त्व पुरेसं होतं, हे विसरू नका.

४. ड जीवनसत्त्व डॉक्टरांकडून ठरवा

उतारवयात त्वचा उन्हातून ते कमी बनवते, म्हणून तपासणी करून घ्या. ६०,००० युनिटचं आठवड्याचं पाकीट महिनोन्‌महिने आपल्या मनानं घेत राहणं धोक्याचं आहे. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर कॅल्शियम वाढवण्याआधीच विचारा.

५. गोळ्यांच्या वेळा सांभाळा

थायरॉइडची गोळी आणि दूध किंवा कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी दुधाबरोबर नको. हाडांसाठी आठवड्याला एकदा घ्यायची ॲलेन्ड्रोनेटची गोळी उपाशीपोटी, फक्त साध्या पाण्याबरोबर. पुढचा अर्धा तास काही खायचं नाही, आडवंही व्हायचं नाही. चहाबरोबर ती घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि मग गुण येत नाही म्हणून औषधाला नावं ठेवतात.

६. दुधानं भागणार नाही, ते ओळखा

उंची कमी झाली, पाठीत पोक आलं, किंवा साध्या पडण्यानं मनगट मोडलं, तर पेला वाढवत बसू नका. डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करा. तिच्या अहवालातला घनतेचा आकडा, म्हणजे टी-स्कोअर, उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर तो ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, आणि त्याला औषध लागतं.