डेन्मार्कच्या शिडाच्या युद्धनौकांचा माग काढताना या चुका टाळा

नाव सापडलं म्हणजे जहाज सापडलं, हा या कामातला सगळ्यात महागात पडणारा समज. डॅनिश आरमाराने तीच नावं पिढ्यान्‌पिढ्या वापरली. ‘दॅनेब्रोग’चंच बघा. या नावाचं एक जहाज १७१० मध्ये डेन्मार्कच्या क्योगे उपसागरात स्वीडिश आरमाराशी लढताना पेटलं आणि स्फोटात गेलं. कप्तान ईव्हर ह्विटफेल्ट आणि जवळपास सगळे खलाशी त्यात मेले. दुसरं २ एप्रिल १८०१ ला इंग्रजांविरुद्धच्या कोपनहेगनच्या लढाईत डॅनिश सेनानी ओल्फर्ट फिशरचं निशाण घेऊन उभं होतं. तेही पेटलं, तेही फुटलं. नोंदींची सरमिसळ व्हायला एवढं पुरे. म्हणून प्रत्येक जहाजाच्या नावापुढे ते पाण्यात उतरल्याचं आणि संपल्याचं वर्ष लिहा. ही दोन वर्षं हाती येईपर्यंत एकही लढाई त्याच्या खात्यावर मांडू नका.

व्यापारी कंपनीचं जहाज आरमाराचं समजणं हीही नेहमीची चूक. ३१ डिसेंबर १७०७ ला फेरो बेटांवर फुटलेलं ‘नोर्स्के ल्योवे’ हिंदुस्थानच्या व्यापाराला निघालेलं होतं. याच नावाची जहाजं आरमारातही होती. उलटंही घडतं. १६१८ मध्ये डॅनिश सरदार ओव्हे गेद्देबरोबर व्यापारासाठी निघून पुढे तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला डॅनिश ठाणं उभारणाऱ्या ताफ्यात ‘एलेफांटेन’सारखं राजाच्या आरमाराचं जहाज होतं. तेव्हा दोन्हीकडची दफ्तरं चाळा.

तारखांपाशी तर जरूर थांबा. ‘दॅनेब्रोग’चा तो स्फोट डॅनिश कागदांत ४ ऑक्टोबर १७१०, स्वीडिश कागदांत २४ सप्टेंबर आणि इंग्रजी पद्धतीने २३ सप्टेंबर! डेन्मार्कने १७०० मध्ये १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च धरून नवं कॅलेंडर घेतलं, इंग्रजांनी १७५२ मध्ये, आणि स्वीडन मधली काही वर्षं दोन्हींच्या मधलं तिसरंच कॅलेंडर पाळत होतं. तारीख उतरवताना कागद कुणाचा, हे शेजारी लिहाच.

डॅनिश नोंद संपली की जहाजही संपलं, असं धरू नका. ‘होल्स्टेन’ १८०१ मध्ये इंग्रजांच्या हाती लागलं, पुढे त्याचं नाव ‘नॅसॉ’ झालं, आणि २२ मार्च १८०८ ला डेन्मार्कच्या शेलंड्स ऑडे या टोकापाशी याच जहाजाने डेन्मार्कच्या ‘प्रिन्स क्रिश्चन फ्रेडरिक’वर तोफा डागल्या. १८०७ मध्ये तर इंग्रजांनी जवळजवळ अख्खं आरमारच नेलं. अशा जहाजांचं पुढचं आयुष्य लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात शोधावं लागतं.

कोपनहेगनच्या रिग्सआर्किव्हमधले, म्हणजे डेन्मार्कच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यातले, मूळ कागद जुन्या गॉथिक वळणात आहेत. मोडी न शिकता पेशवे दफ्तर उघडावं, तशी गत होते. आधी लिपीचा सराव करा. शोध घेताना स्पेलिंगही बदलून बघा: डोक्यावर गोल असलेलं ‘ए’ (å) हे अक्षर १९४८ च्या सुधारणेत आलं, त्याआधी तिथे दोन ‘ए’ (aa) लिहीत.