गाडीच्या पत्र्यावरचा लहान पोचा घरी काढताना

विदर्भातल्या खेड्यात गाडीला पोचा पडायला मोठा अपघात लागत नाही. कोठ्याजवळ उभ्या केलेल्या गाडीला बैल अंग घासतो, अरुंद वाटेवर बंडीचे जू दाराला लागते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली की टपावर व बॉनेटवर एकाच रात्रीत वीस-पंचवीस खळगे दिसू लागतात. डेंटिंगचे चांगले काम करणारा कारागीर बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतो आणि त्याच्याकडे गाडी दोन-तीन दिवस अडकते, म्हणून लहान पोचा घरीच काढावा असे वाटणे साहजिक आहे. मात्र कोणता पोचा आपल्या हातचा आहे आणि कोणता नाही, हे हातोडी उचलण्यापूर्वी ठरले पाहिजे.

त्यासाठी आधी पोच्यावरून नख फिरवावे. नख कुठेही अडकत नसेल तर रंग शाबूत आहे आणि तो न बिघडवता पत्रा मागून उचलता येईल. नख अडकले किंवा रंगाला बारीक भेगा दिसल्या, तर घासणे, पुट्टी आणि रंग हे सगळे करावे लागेल. गोलसर आणि उथळ पोचा सोपा असतो. पत्र्याला धारदार घडी पडली असेल किंवा मार पॅनेलच्या कडेवर वा बॉडीच्या उठावदार रेषेवर बसला असेल, तर ते काम घरचे नाही. काचांमधले खांब, दारांखालची पट्टी आणि टपाच्या कडा यांना हात लावू नये. हे भाग गाडीचा सांगाडा धरून ठेवतात, आणि काही गाड्यांत टपाच्या कडेमागे पडद्याची एअरबॅग असते. शेवटी चुंबक लावून पाहावा. तो चिकटलाच नाही तर तो भाग ॲल्युमिनियमचा किंवा प्लॅस्टिकचा आहे. अर्धवट चिकटला तर आधीच्या कोणीतरी तिथे पुट्टीचा जाड थर दिलेला आहे आणि मागून दाब दिला की तो तडकेल. जुनी गाडी घेतलेल्यांनी ही तपासणी विशेषकरून करावी.

विम्याचा हिशेबही याच वेळी करावा. सर्वसमावेशक पॉलिसीत गारपिटीचे नुकसान धरलेले असते, केवळ थर्ड पार्टी विम्यात नसते. परंतु एक दावा केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर येतो, आणि तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के, तर सलग पाच वर्षे दावा नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असतो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीसाठी पहिले १००० रुपये आणि त्यापुढच्या गाडीसाठी २००० रुपये आपल्यालाच सोसावे लागतात. एका दारावरच्या एका खळग्यासाठी दावा करणे बहुतेकांना परवडत नाही. टप आणि बॉनेट दोन्ही गारांनी भरले असतील तर मात्र दावाच करावा, कारण टपाचे काम करायचे तर आतले अस्तर उतरवावे लागते.

पत्र्याचा स्वभाव

दाराचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याला मार लागतो तेव्हा मधला भाग आत जातो आणि त्याच वेळी भोवतीचा पत्रा किंचित वर येऊन एक कडे तयार होते. आपली नजर खड्ड्यावर असते, त्यामुळे हे कडे दिसत नाही; पण खड्ड्याला आत धरून ठेवणारे तेच असते. घरगुती दुरुस्तीतली सर्वांत मोठी चूक इथेच होते. मी स्वतः पहिल्यांदा दाराचा पोचा काढताना केवळ मधोमध जोर लावला, आणि खड्ड्याच्या जागी मध्ये टेंगूळ व भोवती घळ असा प्रकार झाला. नंतर ज्या कारागिराकडे गेलो त्याला मूळ पोच्यापेक्षा माझी दुरुस्ती निस्तरायला अधिक वेळ लागला. म्हणून आधी कडे हलक्या हाताने बसवायचे, मग मधला भाग थोडा उचलायचा, पुन्हा कडे पाहायचे, असे आलटून पालटून काम करावे लागते.

हे कडे दिसावे म्हणून एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर बोटभर अंतराने काळ्या सरळ रेषा ओढाव्यात आणि त्यांचे प्रतिबिंब पत्र्यात पडेल असा तो पुठ्ठा धरावा. पत्रा सपाट असेल तिथे रेषा सरळ दिसतात, खड्ड्यापाशी आणि उंचवट्यावर त्या वाकड्या होतात. हातावर पातळ सुती कापड घेऊन तळवा सपाट फिरवला तर डोळ्यांना न दिसणारा उंचवटाही जाणवतो.

मागून उचलण्याची पद्धत

काम सावलीत आणि शक्यतो सकाळी करावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हातल्या पत्र्याला हातही लावता येत नाही. उलट डिसेंबरच्या पहाटे रंग थंडीने कडक झालेला असतो व तो तडकण्याची भीती असते; अशा वेळी पत्रा हेअर ड्रायरने कोमट करून घ्यावा. गाडी आधी धुवावी, आणि मडगार्डचे काम असेल तर त्याच्या मागची वाळलेली काळी माती पाण्याच्या झोताने पूर्ण काढावी. पावसाळ्यात वावराच्या वाटेवरून बसलेली ही माती दगडासारखी घट्ट होते, ओल धरून ठेवते आणि पत्रा मागून गंजवते. तिथे गंज दिसलाच तर पोच्यापेक्षा त्याची चिंता आधी करावी.

दाराचे काम असल्यास आतले पॅनेल काढावे लागते. त्याचे स्क्रू बहुधा हँडलच्या मागे आणि हात टेकवण्याच्या खोबणीत लपलेले असतात, बाकी भाग प्लॅस्टिकच्या क्लिपांवर बसलेला असतो. काचेच्या व लॉकच्या वायरी ओढू नयेत, त्यांचे जोड सोडवावेत. आत चिकटवलेला प्लॅस्टिकचा कागद फाडू नये; तो पावसाचे पाणी गाडीत येऊ देत नाही आणि काम झाल्यावर तो जसाच्या तसा चिकटवायचा असतो.

मागून दाब देण्यासाठी गुळगुळीत, गोल टोकाची पोलादी सळई लागते. तिच्या टोकाला दोन-तीन वेढे टेप गुंडाळावी. पुढून कडे बसवण्यासाठी गावच्या सुताराकडून बाभळीच्या किंवा तिवसाच्या लाकडाचा अंगठ्याएवढा जाड तुकडा घेऊन त्याचे टोक गोल घासून घ्यावे. विकतच्या नायलॉनच्या ठोकळ्याइतकाच तो उपयोगी पडतो. सळईचे टोक नेमके कुठे आहे हे कळण्यासाठी अगदी हलका दाब देऊन पुठ्ठ्याच्या रेषा कुठे हलतात ते पाहावे. टोक सापडले की खड्ड्याच्या कडेपासून आत येत, गोलगोल फिरत, लहान लहान दाब द्यावेत. एका जोरदार दाबापेक्षा पन्नास हलके दाब चांगले, कारण जास्त दाबल्याने पत्रा ताणला जातो आणि ताणलेला पत्रा बोटाने दाबला तरी डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजत राहतो. असा पत्रा पुन्हा आवळण्यासाठी उष्णता द्यावी लागते व ते काम कारागिरावरच सोपवावे.

मागून हात पोहोचत नसेल तिथे ग्लू गनचा गरम डिंक आणि प्लॅस्टिकची टिकली वापरून पोचा पुढून ओढता येतो. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावा, टिकली खड्ड्याच्या मध्यावर चिकटवावी, डिंक थंड होऊ द्यावा आणि मग टिकली ओढण्याच्या अवजाराने सावकाश ओढावे. उरलेला डिंक त्याच अल्कोहोलने सुटतो. ज्या गाडीला कारखान्यातल्या रंगावर पूर्वी पुन्हा रंग मारलेला आहे तिच्यावर हा प्रयोग करू नये, टिकलीबरोबर रंगाचा पापुद्राच निघून येतो. बाथरूमच्या रबरी पंपाने फक्त मोठा, उथळ आणि अगदी मऊ पोचा निघतो.

उकळत्या पाण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो, परंतु तो प्लॅस्टिकच्या बंपरसाठी आहे. गरम पाण्याने बंपर मऊ होतो, मागून हाताने दाबला की मूळ आकारात येतो आणि लगेच थंड पाणी ओतले की तिथेच टिकतो. पोलादी दारावर पाण्याचे कितीही भांडे ओतले तरी काही होत नाही.

रंग फुटला असेल तर

पोचा वरील रीतीने जितका निघेल तितका आधी काढावा, कारण पुट्टी म्हणजे पत्र्याला पर्याय नव्हे. आपल्याकडचे पेंटर जिला लांबी म्हणतात ती घासून झाल्यावर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड राहू नये. खराब रस्त्याच्या हादऱ्यांनी जाड थर तडकतो. फुटलेला रंग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पत्र्यापर्यंत काढून कडा उतरत्या कराव्यात, थिनरने पुसावे आणि उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरचा (गंज रोखणाऱ्या अस्तराचा) हात द्यावा. तो वाळल्यावर वरची चमक पेपरने मारून पुट्टी लावावी. पुट्टीत हार्डनर (ती घट्ट करणारे रसायन) वजनाने साधारण २ टक्के लागतो. उन्हाळ्यात तो १ टक्क्याच्या आसपास ठेवावा, नाहीतर पुट्टी पत्र्यावर पोहोचण्याआधी पाटीवरच घट्ट होते.

पुट्टी लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून आधी ८०, मग १८०, मग ३२० नंबरने घासावी. नुसत्या बोटांनी घासले तर लाटा राहतात. आपल्याकडे पुट्टीही पाण्याने घासण्याची सवय आहे. ती सोडावी, कारण पुट्टी पाणी शोषते आणि काही महिन्यांनी रंगावर फोड येतात. पाण्याचा पेपर पुट्टीवर मारायच्या प्रायमरसाठी, तोही ६०० नंबरच्या पुढचा, राखून ठेवावा. घासताना आणि फवारताना तोंडावर मास्क असावा.

रंगाचा कोड बहुधा दाराच्या खांबावरच्या किंवा इंजिनजवळच्या पट्टीवर असतो. डब्यातला स्प्रे २५ ते ३० सेंटिमीटरवरून पातळ थरांत मारावा आणि दोन थरांत दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. सोयाबीनची मळणी किंवा कापसाची वेचणी चालू असताना अंगणात फवारणी करू नये. शेडमध्ये आधी जमिनीवर सडा टाकला की धूळ बसते. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, तेव्हा कोरड्या दिवसाची वाट पाहावी. मेटॅलिक रंगात मधलाच ठिगळासारखा भाग रंगवला तर तो उन्हात वेगळा दिसतो, त्यामुळे अशा गाडीचे अखेरचे रंगकाम सरळ पेंटरकडून पूर्ण पॅनेलवर करून घेणेच मला योग्य वाटते.

पांढऱ्या किंवा साध्या रंगाच्या गाडीवर रंगावर मारलेला क्लिअर कोट (पारदर्शक थर) पूर्ण वाळल्यावर २००० नंबरच्या पेपरने पाण्यात हलके घासून रबिंग कंपाउंड (चमक आणणारी पेस्ट) फिरवावे. क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो, म्हणून कडांवर हात थांबवू नये. त्यानंतर महिनाभर त्या जागी मेण लावू नये आणि गाडीवर ताडपत्री टाकून ठेवू नये. रंगातला थिनर अजून बाहेर पडत असतो.