घराच्या रक्षणासाठी बंदूक आणि तिच्यावरचा लाइट कसा निवडायचा

बंदूक घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, पिस्टल घेऊ का शॉटगन, नाइन एमएमची गोळी पुरेल का. लाइटचा विषय निघतो तो सगळ्यात शेवटी, पैसे उरले तर बघू अशा सुरात. मला हे साफ चुकीचं वाटतं आणि म्हणूनच इतकं सविस्तर लिहितोय. रात्री अडीचला खालच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज आला, तुम्ही अर्धवट झोपेत उठलात, तर त्या क्षणी "कशानं मारू" हा प्रश्नच नसतो, प्रश्न असतो "तिथं कोण आहे". तो उशिरा घरी आलेला मुलगा असू शकतो, पाणी प्यायला उठलेली आई असू शकते, पिऊन चुकीच्या दारात शिरलेला शेजारीसुद्धा असू शकतो. याचं उत्तर बंदूक देत नाही, उजेड देतो. आणि एकदा सुटलेली गोळी काही केल्या परत येत नाही. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच दिवशी, एकाच बजेटमधून घ्या, आणि बजेट तोकडं असेल तर बंदूक थोडी साधी घ्या पण चांगला लाइट सोडू नका.

आधी कायद्याचं बघा. काही देशांत स्वसंरक्षण हे लायसन्ससाठी कारणच धरत नाहीत, काही ठिकाणी ठरावीक कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या मापावर, बंदी असते, मॅगझीनमध्ये किती गोळ्या चालतील यावर मर्यादा असते, घरात बंदूक कशी ठेवायची याचेही नियम असतात. तुम्ही राहता तिथला कायदा नीट वाचा, लागला तर वकिलाला विचारा. आणि मजबूत दार, चांगलं कुलूप, बाहेरचा दिवा या गोष्टी बंदुकीच्या आधी करायच्या, कारण चोर दारातच अडला तर पुढचं काहीच करावं लागत नाही.

आता बंदूक. ढोबळ तीन पर्याय असतात, पिस्टल, शॉटगन आणि हलकी रायफल म्हणजे कार्बाइन.

पिस्टलचा मोठा फायदा म्हणजे एक हात मोकळा राहतो. त्या हातानं दार उघडता येतं, फोन धरता येतो, लहान मुलाला उचलता येतं. शिवाय ते छोट्या सेफमध्ये बसतं. तोटा हा की तिन्हीत नेम धरायला सगळ्यात अवघड तेच, सराव नसेल तर पाच मीटरवरूनही माणसं चुकतात. घरासाठी पूर्ण मापाचं किंवा मध्यम मापाचं पिस्टल घ्या, ग्लॉक १७ किंवा ग्लॉक १९ सारखं, पहिल्याच्या नेहमीच्या मॅगझीनमध्ये १७ गोळ्या बसतात, दुसऱ्याच्या १५. खिशात मावणारं चिमुकलं पिस्टल घरासाठी घेऊ नका, त्याचा झटका जास्त बसतो, पकड अपुरी पडते आणि लाइट लावायला जागाही धड नसते. कॅलिबर ९ बाय १९, म्हणजे नेहमीचं नाइन एमएमच, घ्या आणि त्यावर रात्री जागवू नका. घरातल्या कुणाच्या बोटांत ताकद कमी असेल, संधिवात असेल, तर दुकानात त्यांच्याच हातानं स्लाइड, म्हणजे पिस्टलचा वरचा सरकणारा भाग, मागे ओढून बघायला सांगा. स्लाइड ओढता येत नसेल तर ते पिस्टल त्यांच्यासाठी निरुपयोगी. स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी अशा लोकांसाठीच काढलेली आहे, तिची स्लाइड बरीच हलकी जाते. रिव्हॉल्वर साधं असतं हे खरं, पण बहुतेकांवर लाइट बसवायची पट्टी, म्हणजे रेल, नसते, मग हातातल्या टॉर्चवरच काम भागवावं लागतं.

शॉटगनबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की तिला नेम धरावा लागत नाही, त्या दिशेनं धरली की झालं. असं अजिबात नाही. साध्या नळीतून छर्रे दर मीटरला साधारण अडीच सेंटीमीटर पसरतात असं ढोबळ मानतात, म्हणजे सहा मीटरवर जेमतेम १५ सेंटीमीटरचा घोळका होतो, आणि काही काडतुसांत तो त्याहूनही घट्ट राहतो. म्हणजे नेम धरावाच लागतो. १२ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचं माप, आकडा लहान तितकी नळी रुंद) डबल-ऑट बकशॉट, म्हणजे मोठ्या छऱ्यांच्या, काडतुसात साधारण ८ किंवा ९ छर्रे असतात, प्रत्येक सुमारे ८.४ मिलीमीटरचा, त्यामुळे एका बारात परिणाम प्रचंड होतो. पण झटकाही तसाच. मॉसबर्ग ५९० किंवा रेमिंग्टन ८७० सारखी पंप शॉटगन, म्हणजे दर बारानंतर पुढची मूठ मागेपुढे ओढावी लागते ती, भरवशाची आहे, फक्त घाबरलेला माणूस पंप अर्धवट ओढतो आणि काडतूस अडकतं, हे नवख्यांकडून नेहमी होतं. बेरेटा १३०१ सारखी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी, घेतली तर ती भानगड नाही. अंगानं बारीक माणसाला २० बोअर जास्त मानवते.

कार्बाइन खांद्याला लावून चालवायची असल्यामुळे नेम सोपा जातो, झटका कमी बसतो, लाइट लावायला भरपूर जागा मिळते. अडचण आवाजाची, बंद खोलीत ५.५६ एमएम या कार्बाइनच्या नेहमीच्या गोळीचा आवाज आणि जाळ भयानक असतो. आणि लांब नळी घेऊन अरुंद बोळातून वळणं हे बोलायला सोपं, करायला तितकं सोपं नाही.

माझं मत विचाराल तर घरात मुलं किंवा म्हातारी माणसं असतील आणि त्यांच्या खोलीपर्यंत जावं लागणार असेल तर पिस्टल. सगळे एकाच खोलीत गोळा होऊन दार लावून पोलिसांची वाट बघणार असतील तर लांब बंदूक, म्हणजे शॉटगन किंवा कार्बाइन, बरी. घरातल्या ज्यांच्यावर ती हाताळायची वेळ येऊ शकते त्यातल्या सगळ्यात कमी ताकदीच्या माणसाला जी जमते ती निवडा.

भिंतींचा विचार फार कमी लोक करतात. जिप्सम बोर्डाची भिंत नाइन एमएमची गोळी सहज पार करते, बकशॉटही करतो, ५.५६ सुद्धा करते. बारीक छर्रे भिंतीत कमी शिरतात पण मग माणसालाही भरवशानं थांबवत नाहीत. माणसाला थांबवणारी प्रत्येक गोळी पातळ भिंतीतून जाणारच हे धरून चाला. म्हणून घराचा नकाशा कागदावर काढा, कुठल्या भिंतीमागे कोण झोपतं ते लिहा, आणि कुठल्या दिशेला कधीच गोळी झाडायची नाही ते आत्ताच ठरवा. घरासाठी हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेल्या, गोळ्या वापरा, त्या शरीरात पसरतात आणि आरपार जायची शक्यता कमी होते. १९८६ मध्ये मायामीत झालेल्या चकमकीनंतर एफबीआयनं गोळ्यांच्या चाचणीची पद्धत बसवली, त्यात शरीराच्या जागी वापरलेल्या जिलेटीनमध्ये १२ ते १८ इंच म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटीमीटर शिरकाव योग्य मानतात. या कसोटीत उतरलेली गोळी घ्या आणि तुमच्या पिस्टलमध्ये ती न अडकता चालते का ते स्वतः झाडून बघा.

आता लाइट. पाकिटावर मोठ्या अक्षरात ल्युमेन लिहिलेलं असतं आणि लोक तेवढंच बघतात. ल्युमेन म्हणजे लाइटमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते. कँडेला म्हणजे झोताच्या मध्यावर तो किती एकवटलाय ते. दोन्ही बघावे लागतात. उदाहरण घ्या, शुअरफायरच्या एक्स३०० अल्ट्राला कंपनी १००० ल्युमेन आणि ११,३०० कँडेला सांगते, त्याच कंपनीचा एक्स३०० टर्बो ६५० ल्युमेनचाच पण ६६,००० कँडेलाचा आहे. पहिला खोली भरून टाकतो, दुसरा लांबवर भाल्यासारखा जातो. घराच्या आत पहिल्या प्रकारचा जास्त कामाचा, कारण कडेचा पसरट उजेड कोपरे दाखवतो आणि माणसाचे हात दिसतात, आणि बघायचे तर हातच असतात. टर्बोसारखा लाइट मोठं अंगण किंवा शेत असेल तर.

हिशोब सोपा आहे. कँडेलाला अंतराच्या वर्गानं भागलं की त्या जागी किती लक्स, म्हणजे प्रत्यक्ष किती उजेड, पडतात ते निघतं. १०,००० कँडेलाचा लाइट १० मीटरवर १०० लक्स देतो, ५ मीटरवर ४००. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर हे ४०० पुढून आले तर समोरच्याला काही क्षण नीट काही दिसत नाही. आणि खोक्यावर "पल्ला २०० मीटर" असं लिहिलेलं असतं तो आकडा ०.२५ लक्सवर काढलेला असतो, म्हणजे जेमतेम चांदण्याइतका उजेड, त्यावरून माणूस ओळखता येईल असं समजू नका. घरासाठी ५०० ते १००० ल्युमेन आणि ५,००० ते २०,००० कँडेला या पट्ट्यात काहीही चांगलं घ्या. मध्यम पिस्टलवर स्ट्रीमलाइटचा टीएलआर-७ए छान बसतो, ५०० ल्युमेन, ५,००० कँडेला, छोट्या घराला भरपूर. पांढऱ्या भिंतींचा अरुंद बोळ असेल तर अति तेज लाइट उलटून तुमच्याच डोळ्यांवर येतो, मी स्वतः आरशाच्या कपाटासमोर हे अनुभवलंय, दोन-तीन सेकंद मलाच काही दिसेना.

बटण कसं आहे ते आकड्यांपेक्षा महत्त्वाचं. दाबून धरलं की चालू, सोडलं की बंद, ही सोय हवीच. मागच्या बाजूच्या बटणापर्यंत पकड न सोडता अंगठा पोचतो का ते दुकानात बघा, हातमोजे घालून आणि डाव्या हातानंही बघा. ट्रिगरच्या बोटानं लाइट लावायचा कधीच नाही, ताणाखाली बोट गोंधळतं आणि नको तिथं दाबलं जातं. लाइट बसवायचा खाचेचा तुकडा वेगवेगळ्या पिस्टलांना वेगळा लागू शकतो, ग्लॉकची खाच आणि पिकॅटिनी नावाची प्रमाणित मापाची रेल एकसारख्या नाहीत, खोक्यात दोन-चार तुकडे येतात त्यातला बरोबर लावा. शॉटगनच्या पंपावर बसणारा किंवा मॅगझीनच्या नळीवर क्लॅम्पनं लागणारा लाइट मिळतो. होल्स्टर, म्हणजे बंदुकीचं म्यान, वापरत असाल तर लाइटसकट बसणारं वेगळं घ्यावं लागेल.

लाइट लावल्यावर रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, निदान २०० गोळ्या झाडा. वजन वाढल्यानं काही पिस्टलांत गोळी अडकायला लागते, हे घरी कळण्यापेक्षा रेंजवर कळलेलं बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बंदुकीवरचा लाइट म्हणजे घरात शोधाशोध करायची टॉर्च नाही. लाइट जिकडे वळवाल तिकडे नळी वळते, म्हणजे मुलगा दिसावा म्हणून लाइट फिरवलात तर बंदूक मुलावर रोखली गेली. म्हणून उशाशी हातातली वेगळी टॉर्च हवीच, बघायचं तिनं, आणि धोका पक्का झाल्यावरच बंदूक वर. टॉर्च नसेल तर नळी जमिनीकडे ठेवून लाइट लावा, फरशीवरून परतलेला उजेड खोलीतला माणूस ओळखायला पुरतो. आणि आवाज द्या, "कोण आहे" म्हणून मोठ्यानं विचारा, घरचं माणूस लगेच ओ देतं.

हे सगळं बंदूक न घेता करून बघा. एका रात्री घरातले सगळे दिवे घालवा, नुसती टॉर्च घ्या आणि झोपायच्या खोलीपासून मुलांच्या खोलीपर्यंत चालत जा. कुठं आरसा आहे, कुठं काच आहे, कुठं तुमची सावली तुमच्या आधी पुढं जाते, कुठली फळी कुरकुरते, सगळं टिपून ठेवा. सगळ्यात लांब सरळ अंतर पावलांनी मोजा, बहुतेक घरांत ते दहा मीटरच्या आतच भरतं, आणि रेंजवर नेमका तेवढ्याच अंतराचा सराव करा. रेंजवाले परवानगी देत असतील तर कमी उजेडातही करा, कारण नळीतून निघालेला धूर झोतात पांढरा दिसतो आणि पहिल्यांदा माणूस त्यानंच गांगरतो. घरच्यांशी एक शब्द ठरवा, तो ऐकला की सगळ्यांनी ठरलेल्या खोलीत यायचं, आणि एकानं पोलिसांना फोन लावून तुमचं वर्णन सांगायचं. पोलीस आले की बंदूक खाली ठेवा, त्यांच्या लेखी हातात बंदूक असलेला माणूस म्हणजे धोका.

मुलं असोत नसोत, बंदूक उघड्यावर, गादीखाली, कपाटाच्या वर ठेवायची नाही. बटणांचा आकडा लावून उघडणारी छोटी सेफ पलंगाजवळ भिंतीला किंवा जड फर्निचरला बोल्टनं घट्ट बसवा, आणि अंधारात ती उघडायचा सराव करा. घरात कुणी फार खचलेलं असेल, जगण्याबद्दल वाईट बोलत असेल, तर तेवढे दिवस बंदूक घराबाहेर सुरक्षित ठिकाणी ठेवा, कायद्यात बसतं त्या मार्गानं. सेफमध्येच इलेक्ट्रॉनिक इअरमफ ठेवा, ते बारीक आवाज मोठे करतात आणि बाराचा आवाज दाबतात. बंद खोलीत एका बारानंही कान कायमचे जाऊ शकतात.

राहिली देखभाल. या लाइटमध्ये बहुधा सीआर१२३ए लिथियम सेल लागतात, ३ व्होल्टचे, नुसते ठेवले तर वर्षानुवर्षं टिकतात, पण पूर्ण तेजावर लाइट तास-दीड तासच चालतो. काच तापते, म्हणून चालू लाइट गादीवर किंवा होल्स्टरमध्ये ठेवू नका. झाडून झाल्यावर काचेवर काळी काजळी बसते, ती मऊ फडक्यानं पुसा, बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून. महिन्यातून एकदा लाइट लावून बघा, रेलचा स्क्रू सैल झालाय का तपासा. सेल वर्षातून एकदा बदला, नव्या सेलची तारीख चिकटपट्टीवर लिहून सेफच्या झाकणाला आतून चिकटवा, आणि काढलेले सेल उशाच्या टॉर्चला तेच लागत असतील तर तिच्यात सरावासाठी संपवा.