शस्त्रक्रियेच्या काळात सिस्टरपासून काही लपवू नका: रुग्ण आणि नातेवाईकांनी टाळाव्यात अशा चुका

पुण्यात शस्त्रक्रियेसाठी दाखल होणारा रुग्ण कोथरूडचा असो की सोलापूर-साताऱ्याकडून ससूनला आलेला असो, त्याच्याकडून होणाऱ्या बऱ्याचशा चुकांचे मूळ एकच असते: सिस्टरला जे कळायला हवे, ते कोणी सांगत नाही. काही जण भीतीने गप्प राहतात, काही संकोचाने, तर ‘एवढ्यातेवढ्यासाठी त्यांना कशाला त्रास’ या भिडस्तपणाने गप्प राहणारे तर फारच असतात.

सर्वांत घातक मौन चहाचे आहे. रात्रीपासून उपाशी असलेल्या रुग्णाची दया येऊन नातेवाईक सकाळी समोरच्या अमृततुल्यमधून अर्धा कप चहा आणतात आणि नंतर सिस्टरने विचारले, की ‘काही घेतलेले नाही’ असे दोघेही सांगतात, कारण खरे सांगितले तर शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाईल अशी धास्ती असते. भूल दिल्यावर घशाचे संरक्षक प्रतिक्षेप, म्हणजे ठसक्यासारख्या आपोआप होणाऱ्या क्रिया, मंदावतात. पोटातले पदार्थ वर येऊन फुप्फुसात गेले तर जिवावर बेतू शकते. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी साधारणपणे हलक्या जेवणानंतर 6 तास आणि साध्या पाण्यानंतर 2 तास जाऊ देतात, तळलेले किंवा जड खाल्ले असल्यास त्याहून अधिक. दुधाचा चहा पाण्यात नव्हे, जेवणात मोजतात. चुकून प्यायला गेलाच, तर किती वाजता आणि किती, एवढे सांगावे. बहुधा शस्त्रक्रिया काही तास पुढे जाते, त्यापलीकडे काही बिघडत नाही.

औषधांच्या बाबतीत ‘बीपीची एक छोटी पांढरी गोळी’ असे वर्णन कोणाच्याच उपयोगाचे नसते. सगळ्या पाकिटांची पिशवीच सोबत आणावी, त्यात आयुर्वेदिक चूर्णे आणि काढेही असावेत. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे, विशेषतः हृदयात स्टेंट असताना, ती चालू ठेवण्याइतकेच धोक्याचे ठरू शकते. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या काही गोळ्या मात्र शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधीच थांबवाव्या लागतात. हा निर्णय डॉक्टरांचा, आणि तो दाखल होण्याच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

वॉर्डातली सिस्टर, शस्त्रक्रियागृहातली सिस्टर आणि भूलतज्ज्ञ असे तिघे तेच नाव आणि तीच बाजू विचारतात, तेव्हा ‘फाईलमध्ये लिहिलेय ना?’ असे उत्तर हमखास येते. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये आणलेली शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी सूची भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी अशा तीन टप्प्यांत होते, आणि पहिल्या टप्प्यात खात्री शक्यतो रुग्णाच्याच तोंडून करून घेतात. म्हणून शुद्धीवर असलेल्या रुग्णाच्या वतीने मुलाने किंवा सुनेने उत्तर देऊ नये.

शस्त्रक्रियेनंतरची मोठी चूक म्हणजे दुखणे सोसणे. शून्य ते दहापैकी किती दुखते, असे सिस्टरने विचारल्यावर ‘थोडेसे’ म्हणणारे आजोबा पुढे खोकायला घाबरतात, उथळ श्वास घेतात आणि छातीत कफ साठून ताप येतो. वेदना असह्य होईपर्यंत न थांबता आधीच सांगावे, म्हणजे औषधाचा अंमल असताना बसता, खोकता आणि चालता येते. पोटाला टाके असतील तर खोकताना उशी दाबून धरावी. तीन गोळ्यांच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम करताना पुष्कळ जण नळीत फुंकर मारतात. गोळ्या हवा आत ओढल्यावर वर जातात, आणि हे सिस्टरसमोर एकदा करून दाखवले, तर चूक तिथेच सुटते. खासगी रुग्णालयांत केरळहून आलेल्या सिस्टरही असतात. भाषेच्या संकोचाने गप्प बसू नये, ‘दुखतंय’ हा शब्द त्यांना चांगला कळतो.

नातेवाईकांच्या हातांनाही आवर हवा. सलाईन ‘हळू चाललेय’ म्हणून त्याचे चाक फिरवणे, चालताना लघवीची पिशवी कमरेच्या वर धरणे, कमरेतून भूल दिलेल्या रुग्णाला सिस्टरला न बोलावता बाथरूमला नेणे, ही कामे मदत म्हणून केली जातात आणि नंतर निस्तरावी लागतात. पिशवी वर गेली की लघवी मूत्राशयाकडे उलटी फिरून संसर्गाला वाट मिळते. पाय बधिर असताना उठवलेला रुग्ण पडतो.

घरी सोडताना टाके कधी भिजवायचे आणि ड्रेसिंग कोणत्या दिवशी, हे कागदावर लिहून घ्यावे. जखमेवर हळद किंवा पावडर लावू नये. 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, जखमेतून पू किंवा टाके उसवणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवावे. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवावे, पोटरी चोळू नये. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर मात्र फोनाफोनीत वेळ न घालवता 108 ला रुग्णवाहिका बोलवावी आणि शस्त्रक्रिया कधी झाली, हे पहिल्याच वाक्यात सांगावे.