चिनी भाषक विद्यार्थ्यांना कीर्ती, मान आणि गतवैभवाचे इंग्रजी वाक्प्रचार कसे शिकवावेत

नावलौकिक, प्रतिष्ठा आणि ओसरलेले वैभव यांविषयी चिनी भाषेत म्हणी आणि चार अक्षरी वाक्प्रचार इतके आहेत की, चिनी भाषक विद्यार्थ्याला या विषयावरच्या इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ चटकन कळतो. तो अडतो वापरात. म्हणून अर्थ सांगून न थांबता, वाक्प्रचारात गौरव आहे की टीका, तो माणसाच्या तोंडावर बोलता येतो का, आणि त्यातला कोणता शब्द हलवता येत नाही, हे शिक्षकाने पहिल्याच तासाला स्पष्ट करावे.

सुरुवात ‘रेस्ट ऑन वन्स लॉरेल्स’पासून, म्हणजे मिळवलेल्या यशावर विसंबून स्वस्थ बसण्याच्या प्रयोगापासून करावी, कारण गफलत होण्याची सर्वांत जास्त शक्यता तिथेच आहे. प्राचीन ग्रीसमध्ये डेल्फी येथील खेळांतल्या विजेत्याला लॉरेलच्या पानांचा मुकुट मिळत असे, आणि इंग्रजीतली ‘लॉरेल्स’ तिथूनच आली. आजच्या चिनी भाषेत या मुकुटासाठी जो शब्द आहे, त्यातले ‘ग्वेइ’ हे अक्षर चंद्रावरच्या झाडाची फांदी तोडण्याच्या जुन्या वाक्प्रचारातही येते. राजदरबारी परीक्षेत यश मिळवणे हा त्याचा अर्थ. ती परीक्षा 1905 साली बंद झाली, पण वाक्प्रचार स्पर्धेतल्या विजयासाठी अजून वापरात आहे. साहजिकच ‘लॉरेल्स’ कानावर पडताच विद्यार्थ्याच्या मनात निखळ गौरव उभा राहतो आणि ‘द टीम इज रेस्टिंग ऑन इट्स लॉरेल्स’ हे वाक्य त्याला कौतुकाचे वाटू शकते, प्रत्यक्षात ती कानउघाडणी असते. अशा वेळी त्याच्याच भाषेतला ‘छ्र लाओपन’, म्हणजे जुने भांडवल खाणे, हा प्रयोग समोर ठेवावा. पूर्वपुण्याईवर जगण्याचा दोष दोन्हीकडे सारखाच आहे, हे त्याला लगेच पटते. ‘लॉरेल्स’ हा शब्द नेहमी अनेकवचनी राहतो आणि ‘हिज’, ‘हर’, ‘देअर’ कर्त्याप्रमाणे बदलतात, हे वाक्ये लिहवून घेऊनच पक्के करावे. ‘लुक टू युअर लॉरेल्स’ हा प्रयोगही इथेच द्यावा: प्रतिस्पर्धी जवळ येऊन ठेपला आहे, सावध राहा, असा तो इशारा आहे.

गतवैभवाकडे वळताना खरी अडचण काळाची येते. चिनी क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही; काळ दाखवण्याचे काम इतर शब्द आणि प्रत्ययवजा अक्षरे करतात. त्यामुळे सराव एकाच परिचित व्यक्तीवर बेतावा. टेबल टेनिसपटू डेंग यापिंग हिने 1992 आणि 1996 च्या ऑलिंपिकमध्ये एकेरी व दुहेरी मिळून 4 सुवर्णपदके जिंकली आणि 1997 मध्ये निवृत्ती घेतली. तिच्याविषयी ‘शी हॅज बीन द बेस्ट प्लेयर इन द नाइन्टीज’ असे वाक्य आले, तर संपलेल्या काळासाठी ‘वॉज’ हवे हे दाखवावे. ‘इन हर प्राइम’ आणि ‘इन हर हेडे’ हे ऐन बहराच्या काळाचे प्रयोग त्याच वाक्यात बसवून घ्यावेत. पण ‘शी इज स्टिल अ लेजंड’ हे वर्तमानकाळातच राहते, कारण खेळ थांबला तरी कीर्ती टिकून आहे. हा फरक विद्यार्थ्याने स्वतः तोंडाने मांडेपर्यंत पुढे जाऊ नये. ‘अ हॅज-बीन’, म्हणजे सद्दी संपलेला माणूस, हे मात्र ओळखण्यापुरते शिकवावे: ते अपमानकारक आहे आणि ज्याने मोठे काम केले त्याच्याविषयी ते सहज वापरणे मला अनुचित वाटते. ‘फॉर्मर चॅम्पियन’ आणि ‘लेट चॅम्पियन’ यांतला भेद तर पहिल्याच दिवशी बजावावा. दुसऱ्या प्रयोगाने जिवंत माणूस दिवंगत ठरतो. ‘इन ऑनर ऑफ’ हयात व्यक्तीसाठीही चालते, ‘इन मेमरी ऑफ’ चालत नाही.

मानाच्या बाबतीत ‘लूज फेस’, म्हणजे चारचौघांत मान गमावणे, हा प्रयोग इंग्रजीत चिनी भाषेतूनच आला, हे सांगितले की विद्यार्थी खुलतात. त्यावरून मान राखण्यासाठी ‘गिव्ह फेस’ही चालेल असा त्यांचा समज होतो, परंतु प्रमाण इंग्रजीत तो रुळलेला नाही, ‘आउट ऑफ रिस्पेक्ट फॉर’ किंवा ‘डू मी द ऑनर ऑफ’ हे पर्याय द्यावेत. ‘अ फेदर इन वन्स कॅप’ म्हणजे शिरपेचातला मानाचा तुरा. चिनी भाषेत मात्र कोणाला उंच टोपी चढवणे म्हणजे त्याची खुशामत करणे, म्हणून इथे खुशामतीचा लवलेश नाही हे मुद्दाम सांगावे.

‘हाउसहोल्ड नेम’ला, म्हणजे घराघरांत ठाऊक असलेल्या नावाला, अचूक चिनी प्रतिशब्द आहे, फक्त आधीचा ‘अ’ सुटू देऊ नये. ‘नोटोरियस’ कुप्रसिद्धीसाठीच. ‘फ्लॅश इन द पॅन’ची, म्हणजे क्षणभर चमकून विझणाऱ्या यशाची, सांगड विद्यार्थी रात्री फुलून लगेच मिटणाऱ्या ‘थानह्वा’ फुलाशी घालतात. ती बऱ्याच अंशी योग्य आहे, पण इंग्रजी प्रयोगात जुन्या बंदुकीच्या बत्तीच्या छिद्राजवळची दारू भपकन पेटते आणि गोळी सुटतच नाही. फुलाचे सौंदर्य त्यात नाही, निव्वळ फोलपणा आहे.

शेवटचा सराव संवादाचा ठेवावा. खऱ्या वीराने जुना पराक्रम सांगू नये, या अर्थाची म्हण चिनी भाषेत सर्वतोमुखी आहे, आणि स्तुती झाली की ती नम्रपणे नाकारणे हा तिथला शिष्टाचार आहे. इंग्रजीत ‘नो, नो, आय अॅम नॉट गुड’ म्हटल्याने स्तुती करणारा अवघडतो. त्याऐवजी ‘थँक यू, आय अॅम ऑनर्ड’ म्हणायचे आणि लगेच सहकाऱ्यांच्या कामाचा उल्लेख करायचा, असा संवाद जोड्या करून, भूमिका बदलून, अडखळणे थांबेपर्यंत म्हणवून घ्यावा.