सोलापूरच्या मित्रमंडळींनी वार्षिक गोल्फ सहल कशी आखावी

वर्षातून एकदाच गोल्फ खेळणाऱ्या मित्रांच्या सहलीत खरी अडचण मैदान मिळवण्याची नसते. वर्षभर सराव करणारा एखादा जण आणि गेल्या सहलीनंतर क्लबला (गोल्फच्या काठीला) हातही न लावलेले उरलेले अकरा जण यांच्यातला सामना शेवटपर्यंत रंगावा कसा, ही असते. म्हणून तारखेच्याही आधी खेळाची पद्धत ठरवावी.

सगळ्या फटक्यांची बेरीज करण्याची पद्धत अशा मंडळींनी टाळावी, कारण बंकरमध्ये (मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यात) एकदा दहा-बारा फटके वाया गेले की त्या खेळाडूची सहल तिसऱ्याच होलला (मैदानाच्या अठरा टप्प्यांपैकी तिसऱ्यालाच) संपते. त्याऐवजी डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांची गुणपद्धत वापरावी. इंग्लंडमधील वॉलसी क्लबवर १९३२ मध्ये तिची स्पर्धा झाली आणि पुढे ती जगभर रुळली. हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत, आणि पार म्हणजे त्या होलसाठी ठरवून दिलेले फटके. हँडिकॅपची सवलत वजा केल्यावर पारइतके फटके झाले तर दोन गुण, एक जास्त झाला तर एक, एक कमी झाला तर तीन, आणि पारपेक्षा दोन किंवा त्याहून जास्त झाले तर शून्य. समजा, एकाचा हँडिकॅप २४ आहे. त्याला अठराही होलवर एकेक फटक्याची सवलत मिळते आणि उरलेले सहा फटके स्कोअरकार्डावर स्ट्रोक इंडेक्स (होलच्या अवघडपणाचा क्रम, १ म्हणजे सर्वांत अवघड) १ ते ६ असलेल्या होलवर वाटले जातात. इंडेक्स ४ असलेल्या पार-चारच्या होलवर त्याने सहा फटके घेतले, तरी सवलतीनंतर ते चार धरले जातात व दोन गुण पदरात पडतात. सात फटक्यांत चेंडू होलमध्ये गेला नाही, तर त्याने तो सरळ उचलून पुढे चालू लागावे. गुण शून्य, पण मागचा गटही खोळंबत नाही.

बहुतेकांकडे अधिकृत हँडिकॅप नसतो. नवख्याला ३६ द्यावा, आणि ज्याचे सहलीत ३६ पेक्षा जास्त गुण होतील त्याचा हँडिकॅप प्रत्येक जादा गुणामागे एकाने कमी करावा. हा नियम आपल्या घरचाच आहे, पण वहीत लिहून ठेवला की वाद होत नाहीत. (वही हवीच, मोबाइलमधले आकडे मोबाइलबरोबर जातात.)

तारखेसाठी डिसेंबर किंवा जानेवारीचा उत्तरार्ध उत्तम. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते आणि त्या दिवसांत सोलापूरकराला गावाबाहेर काढणे अशक्य, तर एप्रिल-मेच्या उन्हात अठरा होल चालणे धोक्याचे. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचे अठरा होलचे मैदान आहे. कोणतेही मैदान निवडले, तरी पाहुण्या खेळाडूंना कोणत्या वारी प्रवेश मिळतो, हँडिकॅपचे प्रमाणपत्र लागते का, सदस्य बरोबर असावा लागतो का आणि कॅडीचे (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचे) पैसे वेगळे आहेत का, एवढे फोनवर विचारून घ्यावे. पैसे आगाऊ गोळा करावेत आणि ऐनवेळी गळणाऱ्याचे परत करू नयेत. ही अट कठोर वाटते, पण तिच्यामुळेच गळती थांबते.

सोलापूर ते पुणे अंतर सुमारे २५० किलोमीटर असल्याने आदल्या संध्याकाळीच निघावे. पहाटे निघून आठची वेळ गाठण्याचा आमचा प्रयत्न एका वर्षी टेंभुर्णीजवळच्या पंक्चरने उधळला होता. शेंगाचटणी, कडक भाकरी, धपाटे ही शिदोरी गाडीसाठी ठेवावी. क्लबच्या आवारात बाहेरचे खाणे चालत नाही, असेच गृहीत धरावे. भिगवणचे मासे मात्र परतीच्या प्रवासात खावेत.

सराव घरीच करता येतो. सोलापुरी चादर जमिनीवर ताणून पेल्याकडे पटिंग करावे, म्हणजे चेंडू हलक्या फटक्याने घरंगळवावा; होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो आणि पेला त्याहून अरुंद, त्यामुळे नेम आपोआप सुधारतो. मोकळ्या सार्वजनिक मैदानावर खऱ्या चेंडूने लांब फटके मारू नयेत. सुमारे ४६ ग्रॅमचा तो कठीण चेंडू कोणाच्या डोक्याला लागला तर काय होईल, हे सांगायला नको.

चौघांच्या प्रत्येक गटात एक तरी जाणता खेळाडू ठेवावा. २०१९ पासून हरवलेला चेंडू शोधण्यास पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात. वेळ पाहण्याचे काम कॅडीवर न टाकता गटातल्या एकाने करावे. ज्याची तयारी झाली त्याने आधी मारावे, चेंडू माणसांच्या दिशेने गेला तर मोठ्याने ‘फोर’ ओरडावे, बंकरमधली वाळू सारखी करावी. कॉलरचा टी-शर्ट घालावा, जीन्स टाळावी.

बक्षिसांवर फार डोके शिणवू नये. विजेत्याला सोलापुरी चादर, पार-तीनच्या एका होलवर झेंड्याच्या सर्वांत जवळ चेंडू टाकणाऱ्याला टर्किश टॉवेल; गोल्फच्या बॅगेला टॉवेल लागतोच. गुण समान झाल्यास शेवटच्या नऊ होलचे गुण पाहावेत. पुढच्या वर्षीच्या आयोजकाचे नाव परतीच्या गाड्या सुटण्याआधी वहीत लिहून घ्यावे, कारण सोलापुरात पोहोचल्यावर कोणीही तयार होत नाही.